खो मिळेपर्यंत बसायचं

घरामागच्या शाळेच्या मैदानावर आज सकाळी फक्कीच्या रेघा पडल्या. चहाचा कप तसाच टाकून मी खिडकीकडे धावले. धावले म्हणजे माझ्या वयाला झेपेल इतपतच, तरी सूनबाईंची "आई, सावकाश!" अशी हाक आलीच. सावकाश कसलं! दोन टोकांना दोन खांब रोवलेले, मधे लांबलचक पाटी, पाटीवर आखलेले चौकोन आणि चौकोनांत बसलेल्या पोरी, एकीचं तोंड झाडाकडे तर शेजारणीचं भिंतीकडे. धुळ्याची थंडी नाकाला झोंबत होती. एक पोरगी सुसाट आली, तिनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. या वयाच्या बाईनं एका शब्दासरशी असं शहारावं का, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही, त्याला धरून खिडकीशी उभं करीन.

माझा सगळ्यांत सुंदर हिवाळा या शब्दात आहे. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आणि ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मी सावद्यापासून पायी तासाभरावरच्या एका खेड्यात मास्तरीण म्हणून रुजू झाले होते. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या सगळ्या, आता आज्या झालेल्या, केळीची फणी हातात घेऊन माझ्या दारात येतील आणि "बाई, हे काय लिवलं माझ्याबद्दल?" म्हणून भांडतील. भांडण मिटवायची विद्या त्या शाळेत शिकल्या हे खरं, पण भांडायची त्यांना घरूनच येत होती.

आमच्या घरी अहिराणी. पहिल्याच दिवशी वर्गात माझ्या तोंडून सहज "हाई काय शे?" निघून गेलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. तिकडे 'शे' नव्हतं, 'हाये' होतं. 'मले' होतं, 'तुले' होतं, आणि 'ळ'चा 'य' होऊन शाळेची 'शाया' व्हायची. एकाच खानदेशात दोन टोकांना दोन बोल्या, आणि मी मधे पुस्तकी मराठीची छत्री उघडून उभी! महिनाभरात छत्री मिटली. पोरींनी मला त्यांचं बोलणं शिकवलं आणि माझ्या 'शे'ची नक्कल करून करून मलाच हसवलं.

त्या वर्षी थंडी अशी पडली, की केळीची पानं कडेनं करपली. केळीला थंडी सोसत नाही. बागवाले सकाळी बागेत जाऊन पानं चाचपत आणि तोंड पाडून परत येत. आम्हाला मात्र त्याच थंडीनं चेव चढला होता. कापसाच्या गाड्या जीनकडे निघालेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकलेला, दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कमरेला लागलेली. संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मळ्यातून भाजल्या वांग्याचा वास येणारच. तुराट्यांचा जाळ, त्यात टाकलेली हिरवी-पांढरी वांगी, मग ती सोलून बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट पात्रात, धपाधप ठेचायची. वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताबद्दल मी इथं लिहायला लागले तर लेख तिथंच संपेल. मला मुलींबद्दल लिहायचं आहे.

शाळा मुलामुलींची एकत्र. वरच्या वर्गात मुली थोड्या, म्हणून पाचवी ते सातवीच्या सगळ्या मुली मिळून खो-खोचा एक संघ. हेडमास्तरांना सगळे नाना गुरुजी म्हणत. काळी टोपी, तपकिरीची डबी आणि टेबलावर निर्गुडीची छडी. माणूस वाईट नव्हता. गणित असं शिकवत की दारातून जाणारा गुराखी थांबून ऐकायचा. पण त्यांना पोरांचा गोंगाट सोसत नसे. रडणाऱ्या मुलाला ते "रडू नको" म्हणत, आणि तरी तो थांबला नाही तर त्याला रडायला चांगलं कारण देत.

मला तरी दुसरं काय येत होतं? ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला तक्ते कसे टांगायचे, फळा कसा पुसायचा, पाठाचं टाचण कसं काढायचं हे शिकवलं होतं. रागानं थरथरणाऱ्या पोरीचं काय करायचं, यावर एक ओळसुद्धा नव्हती. रागावलेलं मूल समोर आलं की मी त्याला प्रश्न विचारत सुटायची. कोणी सुरू केलं? का केलं? आधी कोण बोललं? आणि प्रत्येक प्रश्नासरशी ते जास्तच पेटायचं. भाकरी तव्यावर करपते आहे आणि आपण चुलीत आणखी काटक्या सारतो आहोत, असा तो प्रकार होता.

आता द्वारकीबद्दल सांगते.

द्वारकी सातवीत होती. वाऱ्यासारखी धावायची हे म्हणणं फार सोपं आहे. वारा एका दिशेनं वाहतो, ही पोरगी धावता धावता तीन वेळा दिशा बदलायची. खांबाला हात लावून अशी गर्रकन फिरायची की पाठलाग करणारी पुढे निघून जायची आणि मग बावळटासारखी मागे बघायची. पण त्या पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. जगते की नाही असं झालं होतं. जगली, पण डोक्यावरचे केस झडले, उरलेलेही काढावे लागले. दिवाळीनंतर ती शाळेत परतली ती डोक्याला गच्च रुमाल बांधून. आणि सोबत राग घेऊन. कुणी हसलं की आपल्यालाच हसलं, कुणी कुजबुजलं की आपल्याबद्दलच कुजबुजलं. पहिल्याच आठवड्यात तिनं एकीला चावा घेतला आणि एकीची वेणी धरून तिला ओट्यावरून खाली ओढलं.

तिचे वडील आबा. गावातले मोठे केळीवाले, पांढरा फेटा, हातात कायम काठी. राग त्या घराण्यात पिढीजात होता. बैल अडून बसला म्हणून आबांनी एकदा रागाच्या भरात त्याला सोडून दिलं आणि दुसऱ्या बैलाबरोबर स्वतःच जू धरून गाडी घरी आणली, असं गावात सांगत. चाव्याची तक्रार गेली तेव्हा ते शाळेत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, पुन्ह्यांदा हिची तक्रार आली तं पोरगी घरी. हिच्यासाठी स्थयं काय कमी हायेत?"

नाना गुरुजी म्हणाले, "आबा, पुन्हा घडलं तर तुम्ही कशाला, मीच हजेरीतून नाव काढीन."

द्वारकी दाराशी उभी होती. तिला सातवीच्या परीक्षेला बसायचं होतं. त्या घरातली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती. ही पोचत आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती, आणि मला कळत होतं की हिला अभ्यास अडवणार नाही, हिला हा रागच घरी बसवणार आहे. मला रात्रभर त्याच्याशिवाय दुसरं काही सुचेना.

आणि आठच दिवसांत ते घडलं. खो-खोचा सराव चालू होता. हमीदा नावाची सहावीतली मुलगी होती, पिंजाऱ्याची. उंच, हसरी, तोंडाची जरा फटकळ. द्वारकी आजारी असताना पळायला सगळ्यांत आधी हमीदा उतरायची. द्वारकी परतली आणि मी हमीदाला मागे टाकलं. त्या दिवशी कशावरून तरी दोघींची जुंपली आणि हमीदानं द्वारकीचा रुमाल ओढला. सगळ्या मुलींसमोर. पुढच्या क्षणाला हमीदा जमिनीवर, द्वारकी तिच्या छातीवर आणि द्वारकीच्या हातात खांबाजवळचा दगड!

मी मधे पडले. दगड हिसकावला. ऑफिसच्या दारात नाना गुरुजी छडी घेऊन बाहेर येताना दिसले. ते पोचले की संपलं. मला काय करावं कळेना, आणि तोंडाला आलं ते बोलून गेले. "बसा! दोघी बसा रेघेवर! आपापल्या चौकोनात! खो मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही!"

मजा अशी, की त्या बसल्या. संतापानं फणफणत होत्या, पण बसल्या, कारण खो-खोत बसायचं असतं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. शेजारशेजारच्या चौकोनांत, आणि सवयीनं एकीचं तोंड विहिरीकडे, दुसरीचं निंबाकडे. एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. नाना गुरुजी आले, म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "सराव." त्यांनी पोरींच्या गालांवरची माती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि परत गेले. मी बाकीच्या मुलींना वर्गात पिटाळलं आणि खिडकीत बसून शुद्धलेखन घालायला लागले. माझं स्वतःचं शुद्धलेखन त्या दिवशी कुणी तपासलं असतं तर शून्य मिळालं असतं.

किती वेळ गेला कोण जाणे. निंबाची सावली रेघेवरून सरकली. द्वारकीचे खांदे आधी वरखाली होत होते, ते हळूहळू खाली आले. हमीदा मुंग्यांकडे बघत होती. आणि मग, माझा विश्वास बसेना, हमीदा उठली, द्वारकीच्या मागे गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "खो."

आता खेळाचा नियमच असा, की जिला खो मिळाला ती उठते आणि जिनं दिला ती तिच्या जागेवर बसते. द्वारकी उठली. हमीदा तिच्या चौकोनात बसली. आणि बसल्या बसल्या, निव्वळ वात्रटपणानं, तिनं द्वारकीचा आवाज काढला. "मी द्वारकी! मले राग येते!" वर्गातल्या मुली खिडकीतून खुसखुसल्या. पण मग हमीदाची मस्करी ओसरली. समोर बघत राहिली, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मी द्वारकी. मी पयते, तं सारे माह्या पायाकडे नाही पाह्यत, माह्या डोक्याकडे पाह्यतात."

मग द्वारकी हमीदाच्या रिकाम्या चौकोनात जाऊन बसली. हमीदाकडे पाठ करून म्हणाली, "मी हमीदा. पावसायाभर चिखलात मी पयाली. मंग थे आली अन् बाईनं मले मांगं टाकलं. मले कोनी इचारलं बी नाही."

म्हणजे भांडणात तिसरी मीच होते! मी खिडकीतून बाहेर डोकावून ओरडले, "हमीदा, उद्यापासून आळीपाळीनं!" आणि दोघी एकाच वेळी हसल्या. त्या हसण्यानं मला जो आनंद झाला, तसा मला पुढे माझी नोकरी पक्की झाली तेव्हाही झाला नाही.

बस्स, तिथून ती चाल पडली. मी काही शोध लावला नव्हता. मी फक्त बसा म्हटलं. बाकी सगळं त्या दोघींनी आणि त्या खेळानं केलं. पण पोरींनी त्याचे नियम असे पक्के केले, की खरे खो-खोचे नियम त्यापुढे ढिले वाटावेत. राग आला की रेघेवर. तोंडं उलट दिशांना. बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. ज्याचा राग आधी उतरेल त्यानं खो द्यायचा, आणि ज्याच्या जागी बसलो तो आपण व्हायचं, त्याच्या तोंडून बोलायचं. दोन्हीकडून बोलून झालं की उठायचं. मुलगेही हळूहळू येऊ लागले. पहिला मुलगा आला तो आपली पाटी कोणीतरी फोडली म्हणून रडत. त्याला पोरींनी असं काही नेमकं बसवलं, की मी वर्गाबाहेर यायचीही गरज पडली नाही.

गोंधळही झाले. पोरं लबाड! थंडीत वर्गाच्या फरशीपेक्षा रेघेवर ऊन चांगलं. दोन पोरं मुद्दाम भांडून यायची आणि ऊन खात बसायची, एकमेकांना खो म्हणून द्यायचीच नाहीत. शेवटी पोरींनीच ठरवलं, की रेघेवर बसण्याआधी डोळे दाखवायचे. खरा राग असेल तर डोळे लाल दिसतात. मग पोरं डोळे चोळून लाल करून यायला लागली. आणि सरावात तर कहर! छबी नावाची पाचवीतली चिमुरडी, तिला खेळात खो मिळाला की धावायच्या ऐवजी खो देणारीचं नाव घेऊन गंभीरपणे म्हणायची, "मी शांता." समोरची पळून पार त्या टोकाला पोचलेली असायची आणि ही इकडे शांता झालेली. मी डोक्याला हात लावायची, आणि मग हसून हसून मीच खाली बसायची.

आबा पुन्हा शाळेत आले तेव्हा मला वाटलं, द्वारकीला न्यायलाच आले. पण ते माझ्यावर तणतणत होते. "बाई, तुमी शायेत काय शिकवू राह्यल्या? माह्ये दोन्ही पोट्टे घरी भांडले, तं हे द्वारकी त्याह्यले उंबऱ्यावर बसवते, एकाचं तोंड आत अन् एकाचं बाहीर! मी घरात कुठून जाऊ? बाप खोयंबलाय बाहीर!"

"मग तुम्ही काय केलं, आबा?"

"काय करतो? उभा राह्यलो." मग काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "पोट्टे बोलले मंग. धाकला थोरल्याच्या तोंडानं बोलला. मले तं मालूमच नव्हतं थोरल्याले काय लागे ते." आणि एकदम आठवण झाल्यासारखा आवाज चढवून, "पन माह्यं बोलनं ध्यानात ठेवा! एक तक्रार, अन् पोरगी घरी!"

त्या चढवलेल्या आवाजाच्या आत काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

पौषातल्या एका शनिवारी आम्ही सगळ्या मुली मिळून आबांच्याच बागेत भरीत केलं. केळीच्या गच्च रांगांमधे वारा येत नाही, नुसता पानांचा आवाज येतो. द्वारकी आणि हमीदा बडगीच्या दोन बाजूंनी आळीपाळीनं ठेचत होत्या, मुसळी एकमेकींना लागू न देता, धप धप धप. द्वारकीचा रुमाल घामानं मागे सरकला होता. खाली बोटभर काळे केस उगवलेले. तिनं रुमाल सारखा केला नाही; हातात मुसळी होती म्हणून असेल, किंवा सारखा करायचं राहिलं असेल. मी तिच्याकडे बघत होते हे तिनं पाहिलं आणि चक्क मला डोळा मारला. मास्तरणीला! मी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला म्हणून वाचले, नाही तर तिथंच रडले असते.

आता माझ्या पणतवाच्या शाळेत एक खोली आहे म्हणे. गुबगुबीत उशा, निळा रंग, मऊ दिवे. मूल चिडलं की तिथं नेऊन बसवतात. चांगलंच आहे. मी नावं ठेवत नाही, ठेवली तरी कोण ऐकतं! एवढंच वाटतं, त्या खोलीत मूल एकटंच असतं. आमच्या रेघेवर शेजारी तोच असायचा ज्याच्यावर राग आहे, आणि त्याची पाठ आपल्या हाताच्या अंतरावर असायची. माणसाचं तोंड समोर असलं की जितका राग येतो तितका त्याची पाठ शेजारी असली की येत नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

संक्रांत झाली आणि जळगावचे सामने आले. जिल्ह्याला तेव्हा पूर्व खानदेश म्हणत. बैलगाडीतून सावदा स्टेशन. तिथं केळीच्या वॅगनी भरत होत्या, हमाल ओरडत होते, आणि आमच्या निम्म्या पोरींनी आगगाडी पहिल्यांदाच जवळून पाहिली. भुसावळला गाडी बदलताना छबी हरवली आणि भज्यांच्या गाड्यासमोर सापडली. नाना गुरुजी सोबत होते; टोपी सारखी करत, प्रत्येक स्टेशनाला पोरी मोजत. आबासुद्धा त्याच गाडीत, पुढच्या डब्यात. "आडत्याकडे काम हाये," असं तीनदा सांगून झालं होतं, कुणी विचारलेलं नसताना.

पहिला सामना जिंकलो! दुसराही! काय धावल्या माझ्या पोरी! परकराचे काचे मारलेले, वेण्या वर बांधलेल्या, गुडघे सोललेले. गर्दीतले लोक विचारायला लागले, ही कुठली शाळा? नाना गुरुजींनी तपकीर ओढायची सोडली होती, ते नुसतेच चिमूट धरून उभे होते. शेवटचा सामना शहरातल्या एका मोठ्या शाळेशी. आमची पळायची पाळी, वेळ थोडा राहिलेला, आणि मैदानात द्वारकी. ती टिकली की जिंकलो. ती पोरगी काय नाचवत होती समोरच्यांना! खांबाला वळसा, पुन्हा हुलकावणी, पुन्हा वळसा. आणि तिसऱ्या वळशाला रुमालाची गाठ सुटली, आणि रुमाल खाली पडला.

दोरीपलीकडे शहरातल्या पोरांचा घोळका होता. एक ओरडला, "ए टकली!" मग सगळेच. टाळ्या वाजवून, तालावर. "टकली! टकली!"

द्वारकी थांबली. मुठी आवळल्या. त्या घोळक्याकडे वळली आणि चालायला लागली. ती चाल मी ओळखत होते, हमीदाही ओळखत होती. तिनं माझा दंड असा धरला की वळ उठले. नाना गुरुजी शेजारी होते. आबा समोर दोरीशी होते. हिनं एकाला जरी हात लावला, तर इथं, सगळ्या जिल्ह्यासमोर, हिची शाळा संपली.

चार-पाच पावलं गेली असेल ती. आणि मधल्या पाटीच्या रेघेशी आली तशी खाली बसली. धपकन. त्या पोरांकडे पाठ करून. चालू सामन्यात! पाठलाग करणारी पोरगी धावत आली ती क्षणभर गांगरून थांबली, मग वाकून तिला हात लावला. शिट्टी. बाद.

हातातला सामना गेला, आणि मी उड्या मारत होते. नाना गुरुजी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसे बघत राहिले.

पण तेवढ्यात दुसरीकडून आरोळी आली. "कोन बोललं रे? कोन बोललं माह्या पोरीले?" आबा! फेटा सुटलेला, काठी उगारलेली, दोरी ओलांडून घोळक्यावर धावून निघालेले. पोरं किंचाळत मागे सरली. त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. मैदानातून बाहेर पडणारी द्वारकी आडवी आली.

"आबा, बसा!"

ते ऐकायच्या पलीकडे होते. ती पुन्हा ओरडली, आणि या वेळी आवाज असा, की गलका बंद झाला. "आबा! अठी बसा आधी!"

आबा थांबले. काठी तशीच वर. पोरीकडे पाहिलं. तिच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. आणि तो एवढा मोठा माणूस जळगावच्या मैदानाच्या कडेला, धुळीत, मांडी घालून बसला. द्वारकी त्यांच्या शेजारी बसली, त्यांचं तोंड मैदानाकडे, तिचं बाहेर रस्त्याकडे. पुढचा खेळ चालू झाला. आम्ही थोडक्यात हरलो. मी एका डोळ्यानं सामना पाहिला आणि दुसऱ्यानं त्या दोघांना. आबांची काठी आधी मुठीत होती, मग मांडीवर आली, मग जमिनीवर.

सामना संपला, आमच्या पोरी त्या दोघांभोवती गोळा झाल्या. कुणी बोललं नाही; आमचा नियमच होता. नाना गुरुजीही टोपी काढून उभे राहिले. आबा जडपणे उठले, पोरीच्या मागे गेले, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"खो."

द्वारकी उठली. ते तिच्या जागी बसले. बसायचं कशासाठी ते त्यांना माहीत होतं. उंबऱ्यावर पाहिलेलं होतं. रस्त्याकडे बघत बसले.

"मी द्वारकी," आबा म्हणाले. "राग मले माह्या बापाकडून आला हाये. पन मी खाली बसते. बाप बसत नाही." फेट्याचं सुटलेलं टोक मुठीत धरलं. "मले शायेतून काढू नका."

द्वारकी हळूच बापाच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. मैदानाकडे तोंड केलं, पाठ ताठ केली, आणि आबांच्या भरड्या आवाजात म्हणाली,

"मी आबा. नाही काढत."